गाडीचं ऑइल बदलायचं, गॅरेजात की घरी? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-नवी मुंबईत ऑइल बदलायच्या जागा तीन: कंपनीचं सर्व्हिस सेंटर, वागळे इस्टेट नाहीतर तुर्भ्याकडचं ओळखीतलं गॅरेज, आणि आपल्याच बिल्डिंगचं पार्किंग. काम तिन्हीकडे नीट होतं आणि बिघडतंही तिन्हीकडे. खालची उत्तरं मुख्यतः चारचाकीची आहेत. स्कूटर-बाइकसाठी वेगळा प्रश्न पुढे आहे.

आधी सरळ सांगा, गॅरेजवर विश्वास ठेवावा की घरीच करावं?

गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला द्या, विषय संपला. वॉरंटी संपली असेल आणि हाताशी वेळ, सपाट जागा व थोडी चिकाटी असेल तर घरी करण्यात काही गैर नाही. बाकीच्यांनी चांगलं गॅरेज धरावं. पण काम कोणीही करो, तीन गोष्टी मालकाला स्वतः तपासता येतात आणि त्यानं त्या तपासाव्यात: कोणतं ऑइल गेलं, किती गेलं आणि फिल्टर नवा बसला का. एवढं पाहायची सवय असेल तर गॅरेजवाल्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा लागत नाही आणि उगाच संशयही घ्यावा लागत नाही. ज्याला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, बघता येत नाही त्यानं घरी ऑइल बदलायच्या भानगडीत पडू नये. आणि ज्याला ती बघता येते त्याला गॅरेजात कोणी सहजासहजी गंडवू शकत नाही.

डिपस्टिक नेमकी कशी बघायची?

गाडी सपाट जागेवर हवी. पार्किंगच्या उतारावर बघाल तर माप चुकेल. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, उतरेल. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असावं. त्या खुणेच्या वर नको. बऱ्याच छोट्या गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पाऊण ते एक लिटर असतं. त्यामुळे पट्टीवरचं थोडं कमी-जास्तही दुर्लक्ष करण्यासारखं नसतं.

गॅरेजातून गाडी घेताना हे तिथेच करा. घरी येऊन दुसऱ्या दिवशी फोन केला तर भांडण होतं. तिथल्या तिथे सांगितलं तर पोऱ्या दोन मिनिटांत दुरुस्त करतो.

समोर उभं राहिलं तर मेकॅनिकला राग नाही का येत?

चांगल्या मेकॅनिकला येत नाही. "दादा, डबा माझ्यासमोर उघडा, जुना फिल्टर मला दाखवा" एवढं गोड बोलून सांगितलं की काम होतं. सारखं "असं का, तसं का" करत डोक्यावर बसलात तर मात्र कोणीही वैतागेल. सर्व्हिस सेंटरमध्ये तुम्हाला एसीत बसवून कॉफी देतात आणि गाडी आत जाते. तिथे सल्लागाराला आधीच सांगून ठेवा की ऑइल आणि फिल्टर बदलताना मला बोलवा. बहुतेक ठिकाणी बोलावतात. नाहीच बोलावलं तर एक सोपा उपाय आहे: गाडी देण्याआधी जुन्या फिल्टरवर मार्करनं छोटी खूण करा आणि फोटो काढा. परत आल्यावर खूण तशीच दिसली की काय झालं ते कळतंच. सगळ्या गाड्यांत फिल्टर वरून दिसत नाही, हीच यातली अडचण.

गॅरेजात सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

लोकांना वाटतं लबाडी होते. माझ्या मते लबाडीपेक्षा घाईनं जास्त नुकसान होतं. शनिवारी सकाळी दहा गाड्या रांगेत असतात, मालक फोनवर असतो आणि काम शिकाऊ मुलाच्या हातात असतं.

पहिला मान चेंबरच्या नटाचा, म्हणजे ज्यातून ऑइल काढतात त्या नटाचा. हल्ली बऱ्याच गाड्यांचं चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि नट पोलादी. हवेच्या गननं तो नट ठोकून आवळला की चेंबरचे आटे जातात. लगेच काही दिसत नाही. पुढच्या सर्व्हिसला नट फिरतच राहतो, नाहीतर थेंब थेंब गळायला लागतो. मग दुसरा मेकॅनिक शांतपणे सांगतो, "साहेब, आटे आधीच गेलेत." कोणी घालवले हे कधीच सिद्ध होत नाही. छोट्या गाड्यांत हा नट साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. हाताच्या पान्यानं बेताच्या जोरात हे सहज होतं. गन फक्त काढायला वापरली तर ठीक, बसवायला नको. नट सुरुवातीला बोटांनीच फिरवून बसवला पाहिजे, म्हणजे तिरका जात नाही.

नटाखालचा वायसर तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. तो एकदा दाबला की चपटा होतो, म्हणून प्रत्येक वेळी नवा घालतात. त्याची किंमत अगदी किरकोळ असते, तरी तो वाचवणारी गॅरेजं आहेत. जुना वायसर, त्यातून गळती, गळती थांबवायला जादा जोर आणि शेवटी आटे जाणं, हा क्रम नेहमीचाच.

दुसरी चूक फिल्टरच्या रबरी रिंगेची. जुना फिल्टर काढताना त्याची रिंग कधीकधी इंजिनला चिकटून राहते. तिच्यावरच नवा फिल्टर चढवला की दोन रिंगा एकावर एक येतात. गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ सगळं ठीक दिसतं. मग दाबानं रिंग सरकते आणि ऑइल भस्सकन बाहेर येतं. पाम बीच रोडवर ऐंशीच्या वेगात असं झालं तर इंजिन वाचवायला हातात फार थोडा वेळ असतो.

तिसरी चूक म्हणजे जास्त ऑइल. बॅरलवरून गननं भरताना "चार लिटर टाक" म्हणून चारच टाकतात. गाडीला लागतं साडेतीन. जादा ऑइलला क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, आपटत राहतो, फेस येतो, आणि फेसाळलेलं ऑइल पंपाला नीट ओढता येत नाही. सीलवर ताण येतो, ऑइल एअर फिल्टरपर्यंत पोहोचतं. कमी ऑइल वाईट हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त ऑइलबद्दल मात्र "थोडं जादा असलेलं बरं" असा गोड गैरसमज आहे.

आणि एक चूक ऐकायला विनोदी, पण खरी: इंजिनऐवजी गिअरबॉक्सचा नट उघडणं. गिअरबॉक्स रिकामा होतो, इंजिनात जुन्या ऑइलवर नवं पडतं आणि पट्टी दुप्पट दाखवते. घरी करणारेही इथे हमखास फसतात, कारण खालून बघितलं तर दोन्ही नट सारखेच वाटतात. निघणारं ऑइल काळं नसून स्वच्छ किंवा लालसर दिसलं तर तिथेच थांबा. अशा अवस्थेत गाडी सुरू करायची नाही.

मेकॅनिक बोटावर ऑइल घेऊन म्हणतो, "बघा किती काळं झालंय." बदलायचं का?

रंगावरून ठरवू नका. डिझेल गाडीचं नवं ऑइल काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे. पेट्रोलचं हळूहळू गडद होतं. किलोमीटर आणि महिने बघून ठरवा. घाबरायचं ते दोन गोष्टींना: ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर, आणि त्यात चमचमणारा धातूचा चुरा दिसला तर.

इंजिन फ्लश, अ‍ॅडिटिव्ह, "इंजिन कोटिंग" हे घ्यावं का?

वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीला यातलं काहीही लागत नाही. सर्व्हिसच्या अंदाजपत्रकात या ओळी आधीच टाकलेल्या असतात. "हे काढा" म्हणायला लाजू नका.

"आपल्याकडे गरमी फार, जाड ऑइल टाका" हे खरं का?

हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळचा आहे आणि बरेच अनुभवी मेकॅनिक तो मनापासून देतात. बाटलीवर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते. ठाण्यात मे महिन्यात ३८ अंश असोत की जानेवारीत १८, तापलेल्या इंजिनातलं ऑइल १०० अंशांच्या आसपासच असतं, कारण इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर सांभाळतात. बाहेरच्या उन्हाचा परिणाम वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. आजच्या छोट्या पेट्रोल इंजिनांचे अंतर्गत भाग ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशा पातळ ऑइलच्या हिशोबानंच बनवलेले असतात. तिथे २०डब्ल्यू-५० ओतलं तर सकाळी सुरू करताना ऑइल वर पोहोचायला वेळ लागतो आणि मायलेजही घटतं. पुस्तिकेत एकापेक्षा जास्त ग्रेड दिल्या असतील तर त्यातूनच निवडा.

डिझेलवाल्यांनी आणखी सांभाळायचं. १ एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराड्यात डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारा फिल्टर असतो. त्यांना कमी राख होणारं ऑइल लागतं. पुस्तिकेत बहुधा एसीईए (युरोपातलं ऑइलचं मानक) सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं असतं. ट्रकच्या बॅरलमधलं जुन्या पद्धतीचं डिझेल ऑइल टाकलं तर त्याची राख डीपीएफमध्ये साचते, आणि डीपीएफ बदलायचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो. अशा गाडीत पट्टीवरची पातळी आपोआप वाढताना दिसली तर आनंद मानू नका. छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे डीपीएफ साफ होण्याची क्रिया अर्धवट राहते आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल लवकर बदलावं लागतं.

किती किलोमीटरला बदलायचं? पुस्तिकेत १०,००० लिहिलंय.

बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं असतं. त्याच पानावर खाली, कोणी वाचत नाही अशा बारीक अक्षरात, "कठीण परिस्थितीत वापर" असल्यास लवकर बदला असंही असतं. कठीण परिस्थिती म्हणजे धूळ, सतत थांबत-चालत जाणं, जवळच्या फेऱ्या, इंजिन चालू ठेवून उभं राहणं. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यानं हे वाचून हसावं की रडावं?

साधा हिशोब करा. ताशी ६० किमी सरासरीनं १०,००० किमी म्हणजे इंजिन सुमारे १६७ तास चाललं. कासारवडवली ते माजिवडा रखडत सरासरी २० वर आली तर तेच किलोमीटर ५०० तासांचे होतात. मीटरवर आकडा तोच, इंजिनानं केलेली मेहनत तिप्पट. अशा वापरात ५,००० ते ७,००० किमीला ऑइल बदलणं मला योग्य वाटतं. उलट नेरुळहून पुण्याला एक्स्प्रेसवेनं सारखं जाणाऱ्यानं १०,००० पर्यंत खुशाल थांबावं. आणि ज्याची गाडी वर्षभर झाकूनच असते, फक्त गणपतीला गावी जाते, त्यानंही वर्षातून एकदा ऑइल बदलावंच.

घरी करायचं तर काय लागतं आणि लोक कुठे चुकतात?

योग्य मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट, फिल्टरचा पाना, पसरट ट्रे, नरसाळं, हातमोजे, चिंध्या, नवा वायसर, नवा फिल्टर आणि ऑइल. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानं आवळता येणारा पाना, असेल तर उत्तम.

सगळ्यात मोठी चूक जिवावर बेतणारी आहे: गाडीसोबत मिळालेल्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरणं. तो जॅक चाक बदलण्यापुरताच असतो. खाली जायचं तर रॅम्प नाहीतर जॅक स्टँड हवेत, जमीन सपाट आणि टणक हवी, मागच्या चाकांना अडण हवं. हे नसेल तर विचार सोडून द्या. ज्या गाड्यांत फिल्टर वरून हाताला येतो, त्यांत पट्टीच्या नळीतून पंपानं ऑइल ओढून काढता येतं. खाली जायची गरजच पडत नाही. चेंबरच्या तळाशी थोडं राहतं, पण ठीक आहे.

इंजिन कोमट असावं. तीन-चार मिनिटं चालवून बंद केलं की पुरे. पनवेलहून नुकतीच आणलेली गाडी उघडली तर हात भाजेल. नट उघडण्याआधी ऑइल भरायचं वरचं झाकण उघडा, आणि आधी खात्री करा की नट इंजिनाचाच आहे. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटानं ऑइल लावा, जुनी रिंग इंजिनला चिकटलेली नाही हे बोट फिरवून पाहा. फिल्टर हातानं फिरवा. रिंग टेकल्यावर साधारण पाऊण वळसा, त्यापुढे नाही. पान्यानं आवळायचा मोह आवरा. काही फिल्टरांवर वेगळी सूचना छापलेली असते, ती पाळा.

भरताना पुस्तिकेतल्या मापापेक्षा थोडं कमी टाका. झाकण लावून इंजिन मिनिटभर चालवा, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझतो का पाहा, बंद करा, थांबा, पट्टी बघा, मग बाकीचं टाका. वरचं झाकण लावायचं विसरलेले लोक कमी नाहीत. बॉनेटखाली सगळीकडे उडालेलं ऑइल धुताना पुढच्या वेळचा धडा पक्का होतो.

सोसायटीत करू देतात का?

सेक्रेटरीला विचारून करा. टाइल्स लावलेल्या पोडियमवर ऑइल सांडलं तर डाग जात नाही आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो तुमच्या आधी पोहोचतो. खाली जुना पुठ्ठा आणि प्लास्टिक अंथरा. जवळ लाकडाचा भुसा किंवा माती ठेवा.

घरी केल्यानं पैसे किती वाचतात?

मजुरी फार नसतेच, त्यामुळे वाचतात थोडेच. खरी बचत होते ती न मागितलेल्या ओळी बिलात न आल्यानं. आणि त्याच पैशात वरच्या दर्जाचं ऑइल टाकता येतं. अवजारं घ्यायचा खर्च धरला तर पहिल्या वर्षी तोटाच. घरी करायचं ते आवडतं म्हणून करावं.

स्कूटर-बाइकचं काय वेगळं?

बाइकमध्ये तेच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच तिन्हींना लागतं. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. म्हणून बाटलीवर जासो (दुचाकी ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ बघूनच घ्या. घरात कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे क्लच घसरू शकतो. कळव्याच्या पुलावर इंजिन ओरडतंय आणि गाडी सरकत नाही, असा प्रकार. स्कूटरला असा ओला क्लच नसतो, म्हणून तिच्यासाठी एमबी प्रकारचं ऑइल येतं. स्कूटरच्या मागच्या चाकापाशी गिअर ऑइल वेगळं असतं. ते अगदी थोडं लागतं आणि वर्षानुवर्षं विसरलं जातं. पुढच्या वेळी विचाराच.

दुचाकीत मुळात ऑइल एक लिटरच्या आसपास किंवा कमी. त्यातलं २०० मिली कमी झालं तरी मोठा फरक पडतो. पट्टी महिन्याला बघा. ती पेचाची असेल तर आटे न फिरवता नुसती टेकवून मोजायची की फिरवून, हे पुस्तिकेत पाहा. यात बरेच जण चुकतात.

डुप्लिकेट ऑइल कसं ओळखायचं?

नुसतं बघून ओळखणं कठीण. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून किंवा मोठ्या पेट्रोल पंपावरून घ्या, सील बघा, पॅकवर क्यूआर कोड असेल तर तपासा, बिल मागा. पेठेतल्यापेक्षा अर्ध्या किमतीत मिळत असेल तर कारण उघड आहे. आणि एक काम मालकानं करायचं: रिकामा डबा गॅरेजात अख्खा सोडू नका. त्याला भोक पाडा, लेबल फाडा. चांगले रिकामे डबे विकत घेऊन त्यात भलतंच भरण्याचा धंदा अशा डब्यांवरच चालतो.

पावसात गाडी पाण्यात उभी राहिली. सुरू करून बघू?

अजिबात नाही. किल्ली फिरवायचीच नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५च्या पुरानंतर ज्यांनी ज्यांनी पाणी ओसरताच सेल्फ मारला, त्यांचं बिल याच कारणानं फुगलं. गाडी टो करून न्या, ऑइल तपासा, दुधाळ असेल तर बदलूनच पुढचं काम. साध्या विमा पॉलिसीत असं इंजिनाचं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड घ्यावी लागते. आपल्या भागात ती घेतलेली बरी.

फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला थोडा पिवळसर फेस दिसला आणि पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर पावसाळ्यात जवळच्या फेऱ्यांमुळे साचलेली वाफ असते. एक लांब फेरी मारा.

गाडी चालवताना लाल ऑइलचा दिवा लागला, पुढचा पंप दोन किलोमीटरवर आहे.

दोन किलोमीटर फार झाले. तो दिवा दाब गेल्याचा आहे. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मग पट्टी बघा.

जुनं ऑइल टाकायचं कुठे?

गटारात नाही. आपली गटारं नाल्याला आणि नाले ठाण्याच्या खाडीला मिळतात. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ पासून ते रामसर यादीतलं पाणथळ क्षेत्र आहे. वापरलेलं ऑइल २०१६च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात येतं. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल विकणाऱ्या उत्पादकांवर ते परत गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारीही आली आहे. व्यवहारात सोपा मार्ग असा: रिकाम्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून नेहमीच्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला द्या. त्यांच्याकडून ते एकत्र उचललं जातं. मात्र अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जातं का, ते विचारा. गावच्या घराच्या वाशांना वाळवीसाठी लावायला कोणी मागेल. देऊ नका. त्यात इंजिनाच्या झिजेतले धातू आणि जळालेला गाळ असतो, आणि लावणाऱ्याच्या कातडीलाही ते घातक आहे.

वॉरंटीत असताना बाहेर किंवा घरी बदललं तर वॉरंटी जाते का?

वॉरंटीच्या अटींत बहुधा ठरावीक वेळी अधिकृत ठिकाणी सर्व्हिस करणं लिहिलेलं असतं. बाहेर ऑइल बदललं म्हणून एसीची किंवा लाइटची वॉरंटी नाकारणं पटण्यासारखं नाही, पण इंजिनाचा दावा आला की कंपनी पहिलं तेच विचारते. मधल्या काळात जादाचं ऑइल बाहेर बदललं तरी ठरलेली सर्व्हिस चुकवू नका आणि बिलं ठेवा.

गॅरेजनं आटे घालवले, ते मान्य करत नाहीत. काय करता येतं?

आधी फोटो, व्हिडिओ आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी मत. मग गॅरेज मालकाशी शांतपणे बोला. नवा चेंबर घालायला न लागता आटे दुरुस्त करणारा इन्सर्ट बसतो. बहुतेक मालक तेवढं मान्य करतात, कारण खर्च कमी असतो. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पण हे सगळं पक्क्या बिलावर उभं राहतं. "बिलाशिवाय शंभर-दोनशे कमी करतो" हे मान्य केलं असेल, तर त्या आयोगापुढे दाखवायला तुमच्याकडे काहीच नसतं.